पोलिसी खाक्या येतो कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी पोलीस लाइनीत वाढलो आणि गेली अकरा वर्षं एका तालुक्याच्या गावी पोलीस भरतीच्या वर्गात मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान शिकवतोय. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सलूनच्या खुर्चीत, कुठेही ओळख निघाली की पुढचे प्रश्न येतातच. दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

पोलीस मुळातच उर्मट असतात, की नोकरी त्यांना तसं करते?

बहुतांशी नोकरी करते. पण ती कशी करते हे बघायला हवं. येणारा मुलगा चारचौघांसारखाच असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो एक आवाज शिकतो, कारण त्या आवाजाने काम लवकर उरकतं. मग खातं तो आवाज ऐकून कुणाला कुठे बसवायचं ते ठरवतं. ही शेवटची पायरी लोकांच्या लक्षात येत नाही. स्वभाव बघून निवड होते, पण ती भरतीच्या मैदानावर होत नाही, नंतर होते.

भरतीला येतो तो मुलगा असतो तरी कोण?

पहाटे साडेचारला कुठल्याही तालुक्याच्या बायपासवर जा, दिसेल. डोक्याला रुमाल, पायात फाटायला आलेले बूट, रस्त्याकडेला खांबांवर मापं धरून सोळाशे मीटर पळणारी पोरं-पोरी. यांनी एकट्या पोलिसाचा फॉर्म भरलेला नसतो. वनरक्षक, अग्निवीर, एसआरपी, तलाठी, रेल्वे, जे निघेल ते भरलेलं असतं. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून जास्त. एवढी पोरं दरडावायची हौस म्हणून येतात असं म्हणणाऱ्याने दोन एकर कोरडवाहू जमीन आणि तीन भावंडं असलेल्या घरात एक दिवस राहून यावं.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना ‘मला पोलीस का व्हायचं आहे’ हा निबंध देतो. वहीत ‘देशसेवा’ असते, कारण गाइडात तसंच छापलेलं असतं. चहाच्या टपरीवर विचारलं की खरं निघतं. पगार एक तारखेला होतो. बहिणीचं लग्न आहे. आणि हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण, ‘सर, सरकारी नोकरी नसली तर मुलगी कोण देतंय?’

एक मुलगा मात्र वेगळं बोलला होता. बांधाच्या भांडणात त्याच्या वडिलांना मारहाण झाली. फिर्याद द्यायला बापलेक सकाळी अकराला ठाण्यात गेले आणि संध्याकाळी सहापर्यंत बाकड्यावर बसून राहिले. कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. कुणी विचारलंच नाही. तो मला म्हणाला, “सर, तवाच ठरवलं. टेबलाच्या त्या बाजूला बसायचं.” तो भरती झाला. त्याच्याकडे शेवटी येतो.

अशी पोरं थोडी असतात, पण असतात. अपमानाची परतफेड करायला वर्दी हवी असलेलाही वर्षाकाठी एखादा भेटतो. तो ओळखूही येतो, कारण गावातल्या कुणातरी माणसाचं नाव तो महिन्यात चौथ्यांदा घेतो.

भरतीत स्वभाव तपासत नाहीत का?

नाही. शिपाई पदासाठी शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. उंची मोजतात, छाती फुगवून मोजतात. राग किती आहे, अपमान किती पचतो, हे मोजणारा एकही प्रश्न नाही. समास ओळखता येणारा माणूस माणूस ओळखेलच असं नाही, हे मी समास शिकवणारा माणूसच सांगतोय.

मग ट्रेनिंगमध्ये बिघडतात का?

माझ्या मते फारसं नाही. खंडाळा, मरोळ, जालना, तुरची, अशा प्रशिक्षण केंद्रांत पोरं काही महिने काढतात. पीटी, परेड, कायद्याचे तास, दुपारी डुलक्या. तिथून सुट्टीवर आलेला मुलगा उलट जास्तच नम्र असतो. पाया पडतो, ‘जय हिंद सर’ म्हणतो, ताट स्वतः उचलतो.

इंग्लंडमध्ये कोलमन आणि गॉर्मन या दोघांनी १९८२ मध्ये केलेला अभ्यास असाच काहीसा निघाला. नवे पोलीस इतर लोकांपेक्षा मुळातच थोडे कर्मठ आणि हुकूमशाही वळणाचे दिसले, प्रशिक्षणात ते तात्पुरते मवाळ झाले आणि नोकरीत रुळल्यावर पुन्हा कडक झाले. तुलनेला घेतलेली माणसं योग्य होती का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो रास्त होता. पण प्रशिक्षणात मऊ आणि ठाण्यात टणक, हा आलेख मी दर बॅचला बघतो.

ठाण्यात असं काय होतं?

हे जवळून बघायचं असेल तर मोबाइल हरवून बघा. माझा बसमध्ये गेला. ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे पंचविशीतला शिपाई. समोर स्टेशन डायरी, बाजूला वायरलेसची खरखर, बाकड्यावर नवरा-बायकोचं भांडण, दारात दारू प्यालेला एक जण ‘मी कोण आहे माहितीये का’ म्हणत उभा. मी म्हणालो, “मोबाइल चोरीला गेला.”

त्याने मान वर न करता विचारलं, “चोरीला गेला का हरवला?”

“खिशातून काढला कुणीतरी.”

“बघितला काढताना?”

“नाही.”

“मग हरवला म्हणा की. गहाळ लिहा अर्जात.”

आवाज चढलेला नव्हता, पण त्यात एक दार बंद झाल्याचा सूर होता. ‘चोरी’ लिहिलं की गुन्हा दाखल, गुन्हा दाखल की तपास, तपास की ठाण्याच्या आकड्यात एक उघड न झालेली चोरी, आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये साहेबांना बोलणी. ‘गहाळ’ लिहिलं की एक कागद, एक शिक्का, पुढचा माणूस. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलंय. त्या पोराला ते पाठ होतं. मीच कुणा ना कुणाला शिकवलेलं असणार. पण टेबलावर बसल्यावर त्याला दुसरं काहीतरी शिकवलं गेलं होतं, आणि ते शिकवायला पुस्तक लागत नाही. समोरचा माणूस प्रश्न विचारायला कचरेल अशा सुरात बोललं की रांग पुढे सरकते.

उर्मटपणाचा बराचसा भाग असा असतो. त्याला मी स्वभाव म्हणत नाही, अवजार म्हणतो. पान्हा रोज हातात धरला की हाताला घट्टे पडतात, तो भाग वेगळा.

याला संशोधनाचा काही आधार आहे का?

आहे, पण बराचसा अमेरिकेतला, म्हणून मीठ चवीपुरतंच घ्यावं.

आर्थर निडरहॉफर हा न्यूयॉर्कमध्ये वीसेक वर्षं पोलिसात काढलेला माणूस. नंतर तो समाजशास्त्रज्ञ झाला आणि १९६७ मध्ये त्याने पोलिसांच्या मनातला कडवटपणा मोजून दाखवला. पहिल्या दिवशीचे रंगरूट सगळ्यात कमी कडवट. मग अकादमीपासूनच पारा चढायला लागतो आणि पहिल्या काही वर्षांत वर जाऊन बसतो. जेरोम स्कोल्निकने त्याच्या एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, सांगितलं की धोका आणि अधिकार या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाची एक ‘कामाची प्रकृती’ तयार होते. समोरचा प्रत्येक जण आधी संशयित, नंतर माणूस. नाकाबंदीला उभ्या असलेल्या पोराला विचारा. गाडीची काच खाली येईपर्यंतच्या दोन सेकंदांत तो काय बघतो? हात. चेहरा नाही.

‘नोकरी खराब करते’ म्हणणारे लोक १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग पुढे करतात. साधी कॉलेजची मुलं, निम्मी कैदी, निम्मी पहारेकरी, आणि सहा दिवसांत पहारेकरी असे वागायला लागले की प्रयोग थांबवावा लागला. ती गोष्ट आता इतकी सरळ राहिलेली नाही. पहारेकऱ्यांना कडक वागायला पढवलं गेल्याचं नंतर पुढे आलं. त्याहून मजेशीर काम कार्नाहन आणि मॅकफार्लंड यांचं, २००७ चं. त्यांनी दोन जाहिराती दिल्या, दोन्ही जवळजवळ सारख्या. एकीत ‘मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी’ माणसं हवीत असं होतं, दुसरीत ‘तुरुंगातल्या जीवनाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी’. दुसरीला जे आले ते आक्रमकपणात आणि हुकूमत गाजवण्यात वरचढ निघाले. म्हणजे नुसता ‘तुरुंग’ हा शब्द वाचूनही वेगळी माणसं पुढे येतात.

मग हे आपल्याकडे का लागू करत नाही मी? कारण जाहिरात बघून निवडायला आधी पर्याय लागतात. सगळेच फॉर्म भरणाऱ्या मुलाने काय निवडलं, असं विचारण्यात अर्थ नाही.

हे सगळं इंग्रजांनी करून ठेवलंय का?

सुरुवात त्यांची. १८५७ नंतर १८६१ चा कायदा आला तो रयतेला धाकात ठेवायला, आणि त्यामागे आयर्लंडमधल्या पोलीस दलाचा नमुना होता. फ्रेझर आयोगाने १९०२-०३ मध्ये, म्हणजे खुद्द इंग्रजांच्याच आयोगाने, हिंदुस्थानी पोलीस भ्रष्ट आणि जुलमी समजले जातात असं लिहिलं. पण स्वातंत्र्याला ७५ वर्षं उलटून गेल्यावर प्रत्येक ‘ए, इकडं ये’चं बिल व्हिक्टोरिया राणीवर फाडणं मला पटत नाही.

ड्युटीचे तास हेच खरं कारण नाही का?

मोठं कारण आहे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या दिल्लीतल्या संस्थांच्या २०१९ च्या अहवालासाठी २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलणं झालं. दिवसाला सरासरी १४ तास काम, असं त्यातून निघालं. आमच्या घरी गणपती म्हणजे वडील नसण्याचे दहा दिवस. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते यायचे, बूट काढायचे, मोज्यांसकट पाय बादलीत घालायचे आणि कुणीही काहीही बोललं तरी ओरडायचे. आई आम्हाला आधीच शेजारी पाठवून द्यायची. लाइनीतल्या सगळ्याच घरी त्या दिवशी पोरं शेजारी असायची, म्हणजे नक्की कुणाच्या घरी असायची कुणास ठाऊक.

मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. शिपायाची कल्पना आयुक्तांपर्यंत पोचली याचंच मला जास्त अप्रूप वाटलं होतं.

पण सुट्टी दिली की पोलीस गोड होतील, इतकं ते सोपं नाही. राजस्थान पोलिसांनी अर्थतज्ज्ञांना सोबत घेऊन ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांत प्रयोग केला होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि तिथल्याच आयपीएस अधिकारी नीना सिंह त्यात होत्या. ड्युट्यांची अदलाबदल आणि साप्ताहिक सुट्टी, ठाण्यात बसणारे गावातले निरीक्षक, यांचा ठोस परिणाम दिसला नाही, कारण ठाण्यांनी ते नेटाने राबवलंच नाही. परिणाम दिसला तो लोकांशी कसं बोलावं, तपास कसा करावा याच्या प्रशिक्षणाचा. तक्रारदार जास्त समाधानी निघाले. बदल्या थांबवल्याचाही उपयोग झाला. आणखी एक गंमत म्हणजे खोटे तक्रारदार पाठवून बघायचे, फिर्याद घेतात का. असं कुणीतरी येऊन जातं हे कळल्यावर फिर्यादी नोंदवायचं प्रमाण सुधारलं.

वरिष्ठ त्यांच्याशी कसे बोलतात?

हा प्रश्न लोक क्वचित विचारतात. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

पंचावन्न वर्षांचा सहायक फौजदार, पोराच्या वयाच्या साहेबासमोर सावधान उभा आणि साहेब सगळ्यांदेखत ‘अक्कल आहे का तुला’ म्हणतोय, हे मी लहानपणी पाहिलंय. उलट बोललं तर मेमो, नाहीतर कंट्रोल रूमला बदली. दाद मागायला संघटना नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसच रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं, आणि त्यांची संघटना मोडीत निघाली. तेव्हापासून वरून आलेलं खालीच जातं. साहेब फौजदाराला, फौजदार हवालदाराला, हवालदार शिपायाला, आणि शिपायाच्या खाली कोण? रिक्षावाला, भाजीवाली, मोबाइल हरवलेला मास्तर.

गाडीतून उतरणाऱ्याला तोच शिपाई ‘साहेब’ म्हणतो. म्हणजे त्याला बोलता येत नाही असं मुळीच नाही.

महिला पोलीसही तशाच का बोलतात?

काही जणी पुरुषांपेक्षा चढ्या आवाजात बोलतात हे खरं. महाराष्ट्रात ३० टक्के जागा महिलांना राखीव आहेत, पण ठाण्याची भाषा अजून पुरुषांचीच आहे. मृदू बोललीस तर ‘तुला झेपणार नाही’, म्हणून पोरगी आवाज चढवायला शिकते. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षी शिव्या पाठ करायची, इंग्रजीचे शब्द करावेत तशा. बळाचा वापर ही मात्र वेगळी गोष्ट. शिकागोच्या पोलिसांवरचा २०२१ चा अभ्यास सांगतो की सारख्याच परिस्थितीत महिला पोलीस पुरुषांपेक्षा कमी बळ वापरतात.

सगळेच तसे नसतात, मग चांगले दिसत का नाहीत?

कारण ते तुमच्यासमोर बसवलेलेच नसतात. सुरुवातीला ज्या शेवटच्या पायरीबद्दल बोललो ती ही. एका बॅचची दहा पोरं घ्या. दोन वर्षांत ठाण्यात कळतं की कुणाचा आवाज लागतो. तो जातो डीबी, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकात, बंदोबस्ताच्या पुढच्या फळीत, नाक्यावर. ज्याचं अक्षर चांगलं तो होतो रायटर, त्याला कागदांतून मान वर काढायला फुरसत नसते. शांत मुलगा वायरलेसला, पासपोर्टच्या पडताळणीला, कोर्टाच्या कामाला. लोकांची गाठ पडते ती पहिल्या गटाशी, आणि बक्षीसही बहुतेक त्यालाच मिळतं. नव्या बॅचला तोच ‘खरा पोलीस’ वाटतो. हे चक्र फिरत राहायला भरतीच्या वेळी एकही उर्मट मुलगा येण्याची गरज नाही.

उर्मट बोलणं आणि मारणं, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत का?

मला तसं वाटत नाही. तोंडाने फटकळ पण आयुष्यात कुणावर हात न उचललेले हवालदार मी पाहिलेत. अत्यंत गोड बोलणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या नावाने अख्खी लाइन कापायची. मारहाणीसाठी कायदा आणि न्यायालयाचे आदेश आहेत. अटक आणि कोठडीचे नियम घालून देणारा १९९६ चा डी. के. बसू खटल्याचा निकाल, डिसेंबर २०२० चा प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश. तिथे स्वभावाची चर्चा करत बसणं म्हणजे गुन्ह्याला संस्कारांचा प्रश्न करून टाकणं. या पानावर मी तुसडेपणाबद्दलच लिहितोय.

माझ्याशी कुणी तसं बोललं तर काय करू?

छातीवरची नावाची पट्टी वाचा, बक्कल नंबर लिहून घ्या. समोरच लिहा, लपून नको. अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. फिर्याद घेतली नाही तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण ते कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, खंडणी असल्या बाबींसाठी. ‘ए’ म्हटल्याबद्दल तिथे जाऊ नका. त्यासाठी अधीक्षक किंवा उपायुक्तांचं कार्यालय. आणि स्वतः ‘तुम्ही आमच्या टॅक्सवर जगता’ हे वाक्य टाळा. दिवसातून सात वेळा ऐकलेलं असतं.

माझ्या मुलाला पोलीस व्हायचंय. तोही असाच होईल का?

पहिलं पोस्टिंग कुठे आणि कुणाच्या हाताखाली, यावर बरंच ठरतं, आणि त्यात तुमचा किंवा माझा काही हात नसतो. एवढंच बघा की ठाण्याबाहेरचे त्याचे मित्र टिकतायत का. लग्नाला, क्रिकेटला, गावच्या जत्रेला फक्त खात्यातलीच पोरं दिसायला लागली की समजा, आवाज घरापर्यंत आलाय.

तो बाकड्यावर बसलेला मुलगा गेल्या दिवाळीत भेटायला आला होता. नोकरीला सहा वर्षं झालीत. पोट थोडं सुटलंय. टपरीवर बसलो तर पोऱ्याकडे न बघताच म्हणाला, “ए, दोन कटिंग.” मग माझ्याकडे वळून एकदम जुन्या आवाजात, “सर, तब्येत बरीय ना?”

मी विचारलं, आता त्या बाजूला बसतोस, तर बाकड्यावरच्यांचं काय करतोस?

तो जरा थांबला. “बसवतो, सर. साहेब आल्याशिवाय मी तरी काय करणार?” चहा आला, तो फुंकत म्हणाला, “बाकडं मात्र बदलून घेतलंय. जुन्याला पाठ नव्हती.”